अभ्यासाची टेप

टेबलाच्या ज्या टोकाला चहाचा ट्रे ठेवायचे, त्याच टोकाला रुग्ण प्रतिनिधीची खुर्ची होती. हॉस्पिटलच्या कमिटीत आपली किंमत काय आहे ते टेलरबाईंना पहिल्याच बैठकीत कळलं. ज्याला चहा हवा तो त्यांच्या खांद्यावरून हात घालून कप उचलायचा, आणि सॉरी म्हणायचं झालंच तर ते ट्रेकडे बघून म्हणायचा.

आता बाई काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. कोट, शर्ट, शाळांचे युनिफॉर्म असं काम. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या कटकटी ऐकून आणि त्यांना दुप्पट ऐकवून त्यांची जीभ कात्रीइतकीच चालती झाली होती. पण तीन वर्षांपूर्वी एका तपासणी मोहिमेत त्यांच्या छातीत मसुराएवढी गाठ सापडली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. बाई वाचल्या, आणि हॉस्पिटलच्या कागदावर 'यशस्वी' या रकान्यात जाऊन बसल्या.

त्या रकान्यात बसून कोट शिवता येत नाही, एवढीच काय ती अडचण होती. दुपारपर्यंत त्या बाजूचा, उजवा हात पाणी भरल्यासारखा जड व्हायचा. कात्रीच्या कडीत घातलेला अंगठा बाहेर निघेना, मग साबण लावावा लागायचा. आठवड्याला तीन कोट व्हायचे तिथे एक होऊ लागला. यावर इलाज होता, आणि तोही ह्याच इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिला सगळे हातांची खोली म्हणत. तिथे दोन बाया विशिष्ट पद्धतीनं हात चोळून द्यायच्या, पट्ट्या बांधायच्या, व्यायाम शिकवायच्या. तिथून उतरलेल्या बाया हात हलवत जाताना टेलरबाईंनी बघितल्या होत्या. पण त्या खोलीत शिरायला कागद लागायचा, आणि ऑपरेशनच्या आधीपेक्षा हाताचा घेर दोन सेंटीमीटरनं वाढला आहे असं त्या कागदावर असावं लागायचं.

बाईंच्या कागदावर पहिल्या वर्षी एक पूर्णांक चार आलं. मग एक पाच. मग पुन्हा एक पाच.

आणि हे माप घेणारी कोण? तर सख्खी नणंद. ऑपरेशननंतर हात किती सुजतात याचा हॉस्पिटलात संशोधन-अभ्यास चालला होता, त्या अभ्यासाची परिचारिका ती. चारशे बायांचे हात तीन वर्षं तिनंच मोजले होते, आणि त्याचा तिला इतका अभिमान होता की जणू हात तिनंच घडवले होते. ती रविवारी भावाकडे जेवायला यायची आणि वाढून घेता घेता सांगायची, "वहिनी, सूज वगैरे काही नाही. मी स्वतः मोजलाय. मनाचे खेळ असतात हे, खूप बायकांना होतं असं."

"माझ्या टेपनं अडीच येतं," बाई म्हणायच्या.

"तुझी टेप दुकानातली. माझी अभ्यासाची."

टेलरबाईंचे यजमान बसडेपोत मेकॅनिक होते. असं काही निघालं की ते ताटात बघायचे. बहीण शिकलेली, बायको तापट, आणि माणूस भुकेला. घरात तीन वर्षं हेच चाललं होतं, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कमिटीवर एक पेशंट घ्यायलाच हवा असा नियम आला तेव्हा नणंदेनंच वहिनीचं नाव सुचवलं. एकदा तिथं बसली की काम किती काटेकोर असतं ते कळेल आणि तोंड बंद होईल, असा तिचा हिशेब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बैठकीचा विषय मोठा होता. चाळीस हजार बायांना नव्या तपासणीचं आमंत्रण जायचं होतं, आणि सोबत एक पत्रक. तपासणीत काही सापडलं तर पुढे काय उपचार होतील, त्यांचे तोटे काय, हे त्यात छापायचं होतं. तोट्यांच्या यादीत एक ओळ होती: हाताला सूज क्वचित येते, शंभरात चौघींना. हा आकडा नणंदेच्याच मापांमधून निघालेला. आणि शंभरात चौघींसाठी एवढी खोली कशाला अडवायची म्हणून हातांची खोली महिनाअखेर बंद करायचंही ठरलं होतं. पत्रकाखाली रुग्ण प्रतिनिधीची सही लागणार होती, की हा मजकूर रुग्णांच्या नजरेतून तपासला आहे. त्या सहीशिवाय एक पाकीटही बाहेर जाणार नव्हतं.

म्हणजे बाईंनी सही केली की खोली गेली. आणि खोली गेली की हात गेला.

कागद आठ दिवस आधी आले होते. ऐंशी पानं. ती कुणी वाचत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ऐंशी होती. टेलरबाईंनी ती इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं वाचली. निम्मी डोक्यावरून गेली. पण एकसष्टाव्या पानावर मापांचा तक्ता होता, आणि मापं कशी वाचायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

*

"तर मजकुरावर कुणाची काही हरकत?" मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघत विचारलं. त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचं कारण ते उंच होते आणि बाकीचे त्यांच्यासमोर वाकून बसायचे. अभ्यास त्यांचा, नियम त्यांचे.

"आहे," टेलरबाई म्हणाल्या.

समन्वयक बाईंनी गोड हसून वहीत काहीतरी लिहिलं. "भाषेबद्दल ना? अक्षर मोठं हवंय का?"

"अक्षर दिसतंय मला. सूज क्वचित येते, हे खोटं आहे."

टेबलाच्या मधोमध बसलेल्या नणंदेनं डोळे मिटून घेतले.

"बाई," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'बाई'त त्यांनी बराच वेळ घालवला. "तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. म्हणूनच तर तुम्हाला इथे बोलावलं. पण एकीचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही चारशे स्त्रिया मोजल्या आहेत."

"मग मीही चारशे बायांबद्दलच बोलतेय. एकसष्ट नंबरचं पान काढा."

पानं उलटल्याचा आवाज झाला. दोघांनी आपापले गठ्ठे आणलेच नव्हते, ते शेजाऱ्याच्यात बघू लागले.

"तुम्ही दोन्ही हात मोजलेत. ऑपरेशनचा आणि चांगला," बाई म्हणाल्या. "चांगल्या हाताचा रकाना बघा. ऑपरेशनच्या आधी अठ्ठावीस, मग सत्तावीस सात, मग सत्तावीस चार, मग सत्तावीस दोन. एकीचा नाही हं, सगळ्यांची सरासरी. चारशे बायांचे धडधाकट हात तीन वर्षं बारीक होत चाललेत. कशानं?"

आकडेवाल्यानं घसा खाकरला. आकड्यांचा सगळा हिशेब तो करायचा. तरुण, चष्म्याच्या काचा सतत पुसणारा, आजवर कुठल्याच बैठकीत स्वतःहून न बोललेला. "ते आम्ही नोंदवलंय. खाली टीप आहे. उपचारांनंतर वजन घटलं म्हणून."

"बाराव्या पानावर वजनं आहेत. ती वाढलीत. सरासरी तीन किलो."

पानं पुन्हा उलटली, या वेळी मागे.

"औषधांनी बाई सुटते," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्याकडे येतात ना त्या, कोटाच्या बाजू उसवून घ्यायला. एकीचाही कोट मी आजवर आत घेतलेला नाही. अंग सुटलं आणि हात तेवढे वाळले, असं कुठं होतं का?"

"मग तुमचं म्हणणं काय आहे?" मोठ्या डॉक्टरांचा आवाज एक पायरी चढला.

"हात वाळले नाहीत. टेप ताणलीय."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. मोठे डॉक्टरही हसले, पण ओठांनीच. "टेप! बाई, हा अभ्यास आहे, शिवणकाम नव्हे. आमच्या नियमात स्पष्ट लिहिलंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच परिचारिका आणि एकच टेप. मापात फरक पडू नये म्हणूनच."

"तेच तर म्हणतेय मी. आहे का ती इथं?"

टेप होती. नव्या अभ्यासातही तीच चालू ठेवायची म्हणून समन्वयक बाईंनी फाइलबरोबर आणली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, वर क्रमांकाची चिठ्ठी. नणंद ती कुलपात ठेवायची. प्रत्येक बाईनंतर स्पिरिटनं पुसायची, वरून खालपर्यंत ओढून, जोर लावून. चारशे बाया, दोन्ही हात, वर्षावर्षानं. एवढ्या निष्ठेनं घरातली भांडीसुद्धा कुणी पुसत नाही. कापडाची टेप ती. तिनं तरी किती दिवस दम धरावा?

टेलरबाईंनी आपल्या पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. तीस सेंटीमीटरची, कडेला गंज धरलेली. "आमच्या धंद्यात टेप दर सहा महिन्यांनी पट्टीवर लावून बघतात. मी एकदा कंटाळा केला, अंगाची मापं तशाच टेपनं घेतली आणि कापड पट्टीनं बेतलं, तर चाळीस युनिफॉर्म घट्ट झाले. ताणलेली टेप नेहमी कमी सांगते. चाळीस पोरांच्या आया दुकानात आल्या होत्या. तेव्हापासून नाही विसरले."

त्यांनी टेप पट्टीवर ठेवली, टोकाला टोक जुळवलं, आणि न ताणता, अलगद सोडली. मग पट्टी सरकवली ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या पुढ्यात. "वाचा."

त्यांनी वाचलं नाही. आकडेवाल्यानं उठून, वाकून वाचलं.

"पट्टीचे तीस," तो म्हणाला, "आणि टेपचे एकोणतीस पूर्णांक एक."

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण ह्या लोकांना पट्टी लागली. आकडेवाल्यानं लॅपटॉप ओढला. पाच-सात मिनिटं फक्त बटणांचा आवाज होता. ट्रेमधला चहा कुणी उचलला नाही. शेवटी तो म्हणाला, "अंदाजच आहे हा. टेप हळूहळू ताणली असणार, ते धरून केलाय. शंभरात चार नाही. शंभरात बावीस." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखा, "वजनाची टीप मीच लिहिली होती. बारावं पान उघडलं नाही."

टेलरबाईंना वाटलं होतं, हा आकडा ऐकून आपल्याला आनंद होईल. झाला नाही. चारशेत अठ्ठ्याऐंशी बाया. प्रत्येकीला कुणीतरी मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलं असणार. राग वर आला, आणि त्यांनी डॉक्टरांपुढची पट्टी ओढून पिशवीत टाकली.

मोठे डॉक्टर मात्र तोवर सावरले होते. ते सावरण्यातही मोठे होते. "ठीक आहे. उपकरणात दोष आढळला, आपण दुरुस्ती करू. पत्रकातली ओळ बदलू. हातांची खोली तूर्त चालू राहील." त्यांनी समन्वयक बाईंकडे बघितलं. "इतिवृत्तात घ्या: परिचारिकेनं उपकरणाची वेळोवेळी पडताळणी न केल्यानं मापांत त्रुटी राहिली. योग्य ती कारवाई व्हावी. आणि रुग्ण प्रतिनिधींची सही घ्या खाली, त्यांच्यामुळेच तर हे लक्षात आलं."

वड्याचं तेल वांग्यावर काढायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

नणंद मोठ्या डॉक्टरांकडे बघत होती. अकरा वर्षं ज्याला देव मानला तो आता फुलं परत फेकतोय, हे तिला अजून खरं वाटत नव्हतं.

कागद टेलरबाईंसमोर आला. त्यांनी खोटं कशाला बोलावं? त्यांना बरं वाटलं. दर रविवारचं ते 'मी स्वतः मोजलाय' कानात होतं. सही करायची, आणि उद्यापासून तिसऱ्या मजल्यावर जायचं. सोपं होतं. नणंदेनं त्यांच्यासाठी तीन वर्षांत एवढीही तोशीस घेतली नव्हती.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, आणि ती नणंदेच्याच तोंडून कळलेली. दोन वर्षांपूर्वी, असंच जेवताना, तिनं फुशारकी मारली होती. टेपवरचे आकडे पुसट झाले म्हणून तिनं नवी टेप मागितली होती, रीतसर लिहून. तर सरांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, त्या अर्जावरच लिहिलं, 'एकच टेप, अभ्यासाची शुद्धता.' किती कडक आहेत आमचे सर, असं ती म्हणाली होती.

"ही सही मी करणार नाही," टेलरबाई म्हणाल्या.

"का?" मोठे डॉक्टर आता खरोखर चिडले. "तुम्हाला हवं ते सगळं मिळालंय!"

"हिनं नवी टेप मागितली होती. तुम्हीच नको म्हणालात, लेखी. मला ही बाई आवडत नाही, ते सोडा. पण टेप ताणायचा नियम तिनं नाही केला."

"असं काही मला आठवत नाही."

"फाइलीला आठवत असेल." बाईंनी समन्वयक बाईंकडे बघितलं. त्यांचं गोड हसू कुठेतरी गेलं होतं, आणि त्यांनी फाइल दोन्ही हातांनी धरली होती. उघडली मात्र नाही. तेवढ्यानं कळायचं ते सगळ्यांना कळलं.

"सातव्या पानावर आहे," टेलरबाई पुढे म्हणाल्या, "प्रतिनिधी सही करत नसेल तर त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत जोडून वर पाठवायचं. द्या कोरा कागद."

त्यांनी लिहायला घेतलं. उजव्याच हातानं, हळूहळू, बोटं आखडत होती तरी. तीन ओळींना दहा मिनिटं लागली आणि ती दहा मिनिटं त्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. नियम कुणी केला, नवी टेप कुणी मागितली, कुणी नाकारली. शेवटी आकडेवाला उठला, त्यानं कागद घेतला आणि खाली, आपल्या टिपेबद्दल एक ओळ लिहून, सही केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठे डॉक्टर खुर्ची मागे सारून निघून गेले. जाताना दार त्यांनी शांतपणे लावलं, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

*

नणंद बाहेर जिन्याजवळ उभी होती.

"मी तुझे आभार मानेन असं वाटत असेल तर विसर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर उघडं पाडलंस मला. घरात सांगता आलं नसतं?"

"घरात तीन वर्षं सांगितलं, वन्सं. तुमच्याकडे अभ्यासाची टेप होती."

"टोमणे पुरे. मी नियमानं केलं सगळं. एक दिवस चुकवला नाही. तापात येऊन मोजलेत हात."

"माहीत आहे. म्हणून तर सही नाही केली. प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे."

जिन्यावरून माणसं ये-जा करत होती. नणंदेचे डोळे भरले होते, पण ती रडणार नव्हती, आणि टेलरबाई समजूत घालणार नव्हत्या.

"काय हवंय तुला आता?" नणंदेनं विचारलं.

"दादांना फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. माझा हात सुजलाय म्हणून तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकलं नाही त्यांनी कधी, तुमचं ऐकतात. स्पीकरवर लावा."

नणंदेनं फोन लावला. पलीकडून डेपोतली ठोकाठोक ऐकू आली.

"दादा, ऐक. वहिनीचा हात..." तिनं टेलरबाईंच्या बोटांकडे बघितलं. "वहिनीचा हात सुजलाय. पहिल्यापासूनच. माझं माप चुकत होतं."

ठोकाठोक चालूच राहिली. मग यजमान त्या आवाजातून थोडे बाजूला आले असावेत, कारण पुढचं अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"अगं, ते काय मला दिसत नव्हतं? चांगला दुप्पट दिसतो संध्याकाळी. बाहीची शिवण उसवून घालते ती झगा. पण तू म्हणालीस नाही म्हणून. तू एवढी शिकलेली, मोजून सांगतेस, मग मी कशाला मध्ये बोलू? ती ऐकतेय का तिकडे?"

कमिटीशी भांडायला टेलरबाईंनी ऐंशी पानं वाचली होती. ह्या माणसासाठी त्यांनी काहीच वाचलं नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी भांडून दाखवून द्यायचं, एवढं एकच त्यांना येत होतं. त्यांनी नणंदेच्या हातातून फोन घेतला.

"तीन वर्षं ओल्या चादरी पिळल्या मी ह्या हातानं," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर बसून बघत होता."

"अगं, म्हणजे मी..."

त्यांनी लाल बटण दाबलं. सुजलेल्या बोटानं ते पहिल्यांदा नीट दाबलं गेलं नाही, आणि यजमानांचे आणखी दोन शब्द ऐकू आले. मग त्यांनी पुन्हा दाबलं.